पाचव्या रांगेतली आत्या

प्रिय (आणि गेले अठरा दिवस माझ्याशी अबोला धरून बसलेल्या) आत्यास,

धांदरटाचा वाकून नमस्कार. खरोखर वाकून केलाय, कागदापुढे का होईना, आणि वाकल्यावर कमरेत उसण भरली ती वेगळीच. तुझी तब्येत उत्तम असेल अशी आशा करतो. आशाच करावी लागते, कारण मी फोन केला की तू तो न बोलता दादाच्या हातात देतेस, आणि दादाला त्याच्या आईची (म्हणजे तुझीच) तब्येत विचारावी तर तो स्वतःच्या रक्तदाबाचे आकडे सांगायला लागतो. डावा गुडघा काय म्हणतो? (उजव्याची चौकशी करत नाही. त्याने कधी तक्रार केली नाही, आणि तक्रार न करणाऱ्याची चौकशी करायची आपल्या घराण्यात पद्धत नाही.) डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख तू तिसऱ्यांदा पुढे ढकललीस असं कानावर आलं. कोणी सांगितलं ते विचारू नकोस, दादाने शपथ घातलीय. इकडे आम्ही सगळे ठीक. बायको बरी आहे आणि रोज सकाळी चहाचा कप ठेवताना 'लिहिलंत का आत्यांना?' एवढंच विचारते. शेडमधला माझा जोडीदार पहिलवान सध्या जरा लंगडतो. जिन्यावरून घसरलो असं सांगतो. (आमच्या शेडला जिना नाही. पण त्याबद्दल नंतर.)

तर आत्या, मी चुकलो. हे पहिल्याच पानावर लिहून टाकतो, नाहीतर तू म्हणशील, छत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि भाच्याला उत्तर आधी लिहायची अक्कल नाही. पण उत्तराखाली रीत लिहिली नाही तर तू अर्धे गुण कापतेस, म्हणून आता रीत लिहितो. ती लांब आहे. गुडघ्याखाली उशी घे.

आमच्या शेडमध्ये काय चालतं ते तू डोळ्यांनी पाहिलंस, पण जाताना रागात होतीस, आणि रागात पाहिलेलं अर्धंच लक्षात राहतं. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या थकलेल्या बॅटऱ्या आमच्याकडे येतात. नवी असताना शंभर धरायची ती आता पासष्ट-सत्तर, फार तर ऐंशी धरते, गाडी बाजारात जाऊन परत येईपर्यंत मालकाचा जीव टांगणीला लागतो, म्हणून तो बॅटरी बदलतो. पण एका जागी बसून काम करायचं असेल तर ती आणखी कितीतरी वर्षं चालते. म्हणून आम्ही तिला (आम्ही पेटी म्हणतो) दिवसभर भरतो, रिकामी करतो, किती धरते ते मोजतो, आणि वीस-वीस पेट्यांची रांग जोडतो. दुपारी उन्हाची वीज उतू जात असते, ती रांगांमध्ये भरून ठेवायची, आणि संध्याकाळी घरोघरी शेगड्या, पंखे, दिवे एकदम सुरू झाले की उपकेंद्राला परत द्यायची. काम शांत आहे. माझ्या स्वभावाला मानवतं. एकच त्रास आहे: येणारा प्रत्येक पाहुणा पेट्यांकडे बघून म्हणतो, 'सत्तर टक्के उरलंय म्हणजे आपल्यासारखंच की हो!' आणि स्वतःच हसतो. पहिले चार महिने आम्हीही हसलो. मग पहिलवानाने फळ्यावर लिहून टाकलं की जो कोणी माणसाची आणि पेटीची तुलना करील त्याने शेडमधले सगळे कप विसळायचे. वीज कंपनीच्या दोन साहेबांनी विसळलेत. तू आलीस, सगळं पाहिलंस आणि तो विनोद केला नाहीस. मी तुला उगाच मानत नाही.

आता नावांचं प्रकरण. प्रत्येक पेटीवर सतरा आकडी नंबर असतो. आमच्या शेडच्या इंजिनियरबाईंना तो पाठ होतो (त्या लहान आहेत, अजून सगळं पाठ होतं), पण मला आणि पहिलवानाला स्वतःचा फोन नंबर सांगताना थांबावं लागतं. म्हणून आम्ही पेट्यांना नावं ठेवायला लागलो. पेटी ज्या गुणांची, त्या गुणांच्या नातेवाइकाचं नाव, खडूने. थोरले काका नावाची पेटी आहे: दहा मिनिटांत 'भरलो, भरलो' म्हणते आणि पंधराव्या मिनिटाला रिकामी. जावई नावाच्या तीन आहेत, दिवसभर घेतात आणि द्यायची वेळ आली की नाना कुरबुरी. सासूबाई तापते. (कोणाच्या सासूबाई ते लिहीत नाही, हे पत्र बायको वाचणार आहे.) धाकटी वहिनी कोपऱ्यात असते, निमूट घेते, निमूट देते, तिचा आकडा लिहायलासुद्धा आम्ही विसरतो. यात वाईट हेतू नव्हता गं. दिवसभर लोखंडाशी बोलायचं तर निदान घरच्या लोखंडाशी बोलावं, एवढंच.

पण नाव ठेवलं की माणूस शहाणपणा विसरतो. पहिल्या तपासणीच्या आधी इंजिनियरबाईंनी कोणती पेटी कुठल्या रांगेत जाईल याचा तक्ता दिला होता, सतरा आकडी. तो आम्ही भिंतीला लावला, त्याला मान दिला, आणि रांगा लावल्या आपल्या अकलेने. म्हणजे कशा? तर घर चालवतात तशा. एक अशक्त, तिच्याबरोबर एक धडधाकट, म्हणजे ती सांभाळून घेईल. थोरल्या काकांच्या दोन्ही बाजूंना धाकट्या वहिनीसारख्या कामसू. तिन्ही जावई तीन वेगळ्या रांगांत, कारण एकत्र बसले की एकमेकांचं बघून बिघडतील. सासूबाई आणि मोठी नणंद यांच्यामध्ये आम्ही मुद्दाम तीन पेट्यांचं अंतर ठेवलं. पहिलवान तर म्हणाला, इतकं समजूतदार घर मी अख्ख्या जन्मात पाहिलं नाही. संध्याकाळी सहाला तपासणीवाले साहेब आले, खुर्चीत बसले, घड्याळ लावलं. अट अशी की तीन तास अखंड वीज द्यायची, नाहीतर परवानगी नाही, आणि परवानगी नाही म्हणजे शेडला कुलूप, म्हणजे आम्ही अकरा माणसं घरी. एक तास चाळीस मिनिटांनी पहिली रांग बसली. मग दुसरी. मग काय, पाचही.

इंजिनियरबाई ओरडल्या नाहीत. (त्या पहिलवानालासुद्धा सर म्हणतात, ओरडणार कशा.) त्यांनी फक्त समजावलं की रांगेत सगळ्यांमधून एकच वीज जाते, कोणी कोणाला सांभाळून घेत नाही, सगळ्यात अशक्त पेटी जिथे थांबते तिथे अख्खी रांग थांबते. मला तोंडात मारल्यासारखं झालं. साहेबांनी पुन्हा एकदा यायचं कबूल केलं, एकदाच. शंभर पेट्या नव्याने लावायच्या, आणि आमचा आमच्याच हातांवर विश्वास राहिलेला नाही. त्याच आठवड्यात तू फोन केलास, 'तुझी ती शेड मला एकदा बघायचीय.' मी हो म्हटलं. दुःखात माणसाला घरचं कोणीतरी लागतं.

तू आलीस. स्वतः गाडी चालवत आलीस, फाटकातून आत येताना उजवा आरसा फाटकाला चाटून गेला आणि तू म्हणालीस की फाटकच अरुंद आहे. (ट्रक जातो त्यातून. असो.) पुढे जे झालं ते मी बायकोला तीनदा सांगितलंय. तू मोजणीचे कागद मागितलेस, चष्मा लांब धरून पाच मिनिटं वाचलेस आणि म्हणालीस, "गाढवांनो, हा वर्ग कोणी बसवला?" मग स्टूल मागवलंस, हातात खडू घेतलास आणि आकडे पुकारायला लागलीस. अठ्ठ्याहत्तरच्या वरचे सगळे पहिल्या रांगेत. त्याखालचे दुसऱ्या. धाकटी वहिनी एकदम पहिल्या रांगेत गेली, थोरले काका रांगांतूनच बाहेर. ढ मुलाशेजारी हुशार बसवला की ढ सुधारत नाही आणि हुशाराला कंटाळा येतो, सारख्याला सारखा बसव, वर्ग आपोआप चालतो, हे तू चाळीस किलोची पेटी उचलून धरलेल्या पहिलवानाला समजावून सांगत होतीस आणि तो पेटी खाली न ठेवता मान डोलवत होता. इंजिनियरबाईंनी त्यांचा तक्ता शेजारी धरून पाहिला. दोन पेट्यांचा फरक निघाला आणि त्या दोन्हींत तुझं बरोबर होतं. दोन तासांत पाच रांगा. मला इतका अभिमान वाटला की मी तेवढी एक गोष्ट विसरलो.

पाचव्या रांगेतली शेवटची पेटी, सतरा आकड्यांतले शेवटचे दोन एक्केचाळीस म्हणून आमच्या तोंडी एक्केचाळीस नंबरची. तू वाकलीस, खडूची अक्षरं वाचलीस. 'आत्या. ६४. न सांगता बंद पडते.' अक्षर माझंच. ते तुला कसं ओळखू येणार नाही, तूच तर गिरवून घेतलंस. तू खडू स्टुलावर ठेवलास, हात पुसलेस, पर्स उचललीस आणि गाडीत जाऊन बसलीस. गाडी मागे घेताना पाण्याच्या रिकाम्या ड्रमला धडकलीस, ड्रम आडवा झाला, घरंगळत भिंतीपर्यंत गेला, आणि तू काच खाली न करता निघून गेलीस. ड्रमला पोचा आलाय. तो आम्ही ठोकून काढलेला नाही, आठवण म्हणून ठेवलाय.

आता वरातीमागून घोडं म्हण हवं तर, पण त्या पेटीला तुझं नाव का दिलं ते सांगतोच. अशक्त म्हणून नाही. ६४ वाल्या आणखी बारा आहेत, त्यांना मी कोणाचंही नाव दिलं नाही. ही पेटी सहजासहजी कोणाकडून काही घेत नाही, फार मनधरणी करावी लागते. पण एकदा घेतलं की देताना हात आखडत नाही. बाकीच्या पेट्या थकल्या की मीटरवर आकडा उतरत जातो, आपल्याला कळतं, आपण तयारीत असतो. हिचा आकडा हलतच नाही. पहिल्या मिनिटाला जो, तोच दुसऱ्या तासाला. ठणठणीत. विचारलं तर म्हणेल, मला काय धाड भरलीय. आणि मग एकदम बंद. मधे काही नाही. बाबा गेले त्या वर्षी तू आमच्या घरी येऊन राहिलीस, सहा महिने आम्हा सगळ्यांचं केलंस, आणि एक दिवस ओट्यापाशी उभ्या उभ्या खाली बसलीस. डॉक्टर म्हणाले, या बाई महिनाभर तापात आहेत. कोणाला पत्ताच नव्हता. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. पेटीवर ती ओळ लिहिताना माझ्या मनात तो ओटा होता. पण ते खडूने लिहिता येत नाही, म्हणून जेवढं मावलं तेवढं लिहिलं.

आता आनंदाची बातमी. परवा दुसरी तपासणी झाली, तुझ्या वर्गरचनेप्रमाणे. इंजिनियरबाईंना एक्केचाळीस नंबरचीच भीती होती, तिला काढूनच टाकू म्हणत होत्या. मी म्हटलं, ती राहील. मग तोडगा असा निघाला की प्रत्येक पेटीला एक खटका असतो, तो ओढला की ती पेटी रांगेतून बाजूला होते आणि बाकीची रांग चालू राहते. तेव्हा तिचं जेवढं आहे तेवढं काम तिने करायचं आणि पडायच्या आधीच मी तिला बाजूला घ्यायचं. दोन तास वीस मिनिटं झाली आणि बाईंनी मला खूण केली. आत्या, मीटरवर तिचा आकडा एक कणभरही उतरला नव्हता. माझा हात खटक्यावर होता आणि मनात येत होतं, चाललीय की छान, कशाला उगाच थांबवायचं? साहेब बघत होते. शेवटी ओढला. रांग हलली नाही, राहिलेली चाळीस मिनिटं बाकीच्या अठरा जणींनी (थोरल्या काकांना बाहेर काढल्यापासून ती रांग एकोणिसांचीच आहे) निभावून नेली, पाचही रांगा पास. साहेबांनी सही केली आणि जाताना तो सत्तर टक्क्यांचा विनोद केला. पहिलवानाने त्यांच्या हातात साबण दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही एक्केचाळीस नंबर वेगळी जोडून पाहिली, की तिच्यात उरलं तरी किती होतं. आठ मिनिटं.

तर अशी ही रीत आहे, उत्तर वर लिहिलंय. पेटीवरची ती ओळ मी पुसलीय. नाव ठेवलंय, कारण ते पुसायला मन होईना. त्यापुढे काय लिहायचं ते तू येऊन लिही, सोबत खडूचा तुकडा पाठवतोय. दादाला, वहिनीला नमस्कार. दोन्ही गुडघ्यांची काळजी घे. राग गेला नसेल तरी चालेल, पण फोन हातात घेऊन मला चार शिव्या दे. अठरा दिवसांत मला कोणी गाढव म्हटलेलं नाही, चुकल्याचुकल्यासारखं होतं.

तुझाच,
धांदरट

ता. क. : एक कामाचं विचारायचं राहिलं. पाचव्या रांगेत थोरल्या काकांची जागा रिकामी आहे आणि एक्केचाळीसच्या जोडीची पेटी कुठे मिळत नाही. तू वर्ग बसवत होतीस तेव्हा मी (न विचारता, हा दुसरा अपराध) तुझ्या विजेवरच्या गाडीला मीटर लावला होता. तीच बनावट, आकडा पासष्ट. तुझी बॅटरी आमच्या रांगेत अगदी चपखल बसेल. शिवाय पुढच्या महिन्यात सव्वाशे पेट्या येतायत आणि इंजिनियरबाई विचारतायत की मॅडम दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतील का. मॅडम म्हणजे तू. स्टूल रंगवून ठेवलंय. न्यायला-आणायला मी येईन, सकाळी नऊला, आणि उशीर केला तर वर्गाबाहेर उभं कर.

ता. क. २ : वरचं सगळं खरं आहे, पण तुझी बॅटरी मागायचं ते खरं कारण नाही. पहिलवान जिन्यावरून घसरला नाही. तू गाडी मागे घेतलीस तेव्हा तो त्या ड्रमच्या मागे सावलीला चहा पीत बसला होता. ड्रम हलला म्हणून त्याने उडी मारली, आणि पाय मुरगळण्यावर निभावलं. हातभर अंतर होतं, मी मोजलंय. तू त्याला पाहिलं नाहीस. रागात होतीस म्हणून नाही आत्या, तुला तो दिसलाच नाही. त्याने मला सोडून कोणाला सांगितलेलं नाही आणि तुला तर कधीच सांगणार नाही, कारण तू त्याला 'हुशार मुलगा आहेस' म्हणालीस आणि हे त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. दादाला हे माहीत नाही. तो आपला फाटकाला घासलेला आरसा बघूनच तुझी किल्ली लपवायचा बेत करतोय आणि मला त्यात सामील हो म्हणतोय. मी नाही म्हटलं. तुझ्यापासून वस्तू लपवायला तू काय लहान आहेस? मला गाडी तू शिकवलीस. डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला पेला ठेवायचीस आणि म्हणायचीस की ज्याला वेळेवर थांबवता येते त्यालाच गाडी चालवता येते. मंगळवारी नऊला मी दाराशी येतो. किल्ली तुझ्या हाताने दे. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आपण वाटेतच जाऊ. नाही दिलीस तरी मी येईनच, आणि येतच राहीन.

ता. क. ३ : पाकीट बंद करण्याआधी पत्र एकदा वाचून काढलं. मग उठलो आणि शेडमधले सगळे कप विसळून आलो. पहिलवान दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, कोणाला बोललास रे? मी म्हटलं, अजून बोललो नाही, उद्याच्या टपालाने बोलणार आहे.